नाली कोणाची, भिंत कोणाची?

मिरग लागायच्या आधीचे पंधरा दिवस वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात भांडणाचे असतात. नाली तुंबलेली असते. शेजाऱ्याच्या कवेलूंचे पाणी आपल्या भिंतीवर उतरते. बोळातली फरशी उखडलेली असते आणि ती कोणी बसवायची हे तीन वर्षांपासून ठरत नसते. मुंबई-पुण्यात हीच भांडणे सोसायटीच्या सभेत होतात. तिथे नालीऐवजी लिफ्ट आणि कवेलूंऐवजी गच्चीचे वॉटरप्रूफिंग असते, एवढाच फरक.

इतिहास लिहिणाऱ्यांनी या भांडणांकडे फारसे पाहिलेले नाही. वऱ्हाडच्या इमादशाहीची वंशावळ पाठ असणारे पुष्कळ आहेत. त्या काळात कसब्यातली नाली कोण उपसत होते, हे विचारणारे कमी. पण शेजारी कोणाला म्हणायचे आणि त्याचा आपल्यावर हक्क किती, या प्रश्नाची उत्तरे माणसाने दरबारात बसून शोधली नाहीत. ती सामाईक भिंतीपाशी आणि नालीच्या काठावर सापडली. आज मुसलमान कुटुंब शहरात घर पाहायला गेले की अनेकदा ‘आमच्या सोसायटीत देत नाहीत’ असे ऐकून परत येते. सामाईक जबाबदारीच्या नावाने उभी राहिलेली संस्था माणूस पारखायची चाळणी कशी झाली, हे समजून घ्यायचे तर सुरुवात नालीपासून करावी लागते.

मी उदाहरण मंगरूळपीरचे घेतो. वाशीम जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. जुन्या वऱ्हाडाचे पायनघाट आणि बालाघाट असे दोन भाग मानत, मंगरूळ घाटावरचे. गावाच्या नावातला ‘पीर’ इथल्या दर्ग्यांमुळे आला, त्यात हजरत दादा हयात कलंदर (र.) यांचा दर्गा सगळ्यांत मोठा. त्याच गावात बिरबलनाथ महाराजांचे संस्थान आहे. राज्ये इथे भराभर बदलली. १५७४ साली इमादशाही बुडाली आणि वऱ्हाड निजामशाहीत गेले, १५९६ मध्ये मोगलांकडे, मग हैदराबादच्या निजामाकडे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. मंगरूळ तालुका आधी बासीम जिल्ह्यात होता, १९०५ मध्ये तो जिल्हाच मोडल्यावर अकोल्यात आला, आणि १९९८ मध्ये वाशीम जिल्हा झाल्यावर पुन्हा वाशीमकडे. या सगळ्या उलथापालथीत एक काम मात्र दर उन्हाळ्यात न चुकता करावे लागले: पावसाच्या आधी घर आणि मोहल्ला नीट करणे.

जुनी घरे या पट्ट्यात धाब्याची असत. मातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी कड्या, कड्यांवर काटक्या-फळ्यांचा थर आणि वर वीतभराहून जाड माती. उन्हाळ्यात असे घर गार राहते, पण धाबे दरवर्षी सांभाळावे लागते. वैशाखात वरचे गवत उपटायचे, उंदरांची बिळे बुजवायची, नवी पांढरी माती टाकून धुमसाने ठोकायची, उतार पुन्हा जमवायचा आणि पन्हळी मोकळ्या करायच्या. हे राहिले तर मघा नक्षत्रात छत गळायचे, आणि फारच दुर्लक्ष झाले तर कडी मोडून धाबे अंगावर यायचे. गावाच्या वस्तीला आपल्याकडे ‘पांढरी’ म्हणतात आणि शेताला ‘काळी’. घर पांढरीच्या मातीचे, पीक काळीच्या मातीचे.

धाब्याच्या घराची खोड अशी की ते एकटे उभे राहत नाही. दोन घरांत एक भिंत असते. तुमच्या कडीचे टोक तिच्या एका बाजूला बसते, माझ्या कडीचे दुसऱ्या बाजूला. तुमच्या धाब्याचा उतार चुकला तर ओल माझ्या देवळीत किंवा कोनाड्यात उतरते. अशा घरात राहणाऱ्याला शेजारी निवडता येत नसे, आणि त्याला टाळताही येत नसे.

इथे बुखारी शरीफमधली एक हदीस आठवते. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी ती सांगितली आहे. आशय असा की शेजाऱ्याला तुमच्या भिंतीत लाकूड बसवायचे असेल तर त्याला अडवू नका. आपल्या वाझमध्ये ही हदीस आली तर ‘शेजाऱ्याशी गोड वागा’ एवढ्यावर गुंडाळली जाते. धाब्याच्या घरात राहिलेल्या माणसाला मात्र ती वेगळी ऐकू येईल. ते लाकूड म्हणजे कडी आहे. कडी बसू दिली नाही तर शेजाऱ्याला छतच मिळणार नाही. फुकहांमध्ये यावर मतभेद आहेत: इमाम अहमद बिन हंबल यांच्याकडे हे मालकावर बंधनकारक आहे, हनफींकडे ती चांगुलपणाची शिफारस आहे. म्हणजे आपली मालकी कुठे संपते आणि शेजाऱ्याचा हक्क कुठे सुरू होतो, यावर भांडण त्यांच्यातही होतेच.

फिक्हचे ग्रंथ उघडून पाहिले की नमाज-रोज्यांच्या प्रकरणांपलीकडे एक वेगळीच दुनिया लागते: भिंती, गटारे, छज्जे, विहिरी, वहिवाटीच्या वाटा. चौदाव्या शतकात ट्युनिसमध्ये इब्नुर्रामी नावाचा एक गवंडी होऊन गेला. शहरातल्या बांधकामाच्या तंट्यांत काझी त्याचे मत घेत, आणि त्याने या विषयावर अख्खा ग्रंथ लिहून ठेवला आहे. गवंड्याने लिहिलेला कायद्याचा ग्रंथ! आपल्याकडच्या मदरशांत त्याचे नावही निघत नाही. तो मालिकी परंपरेतला होता, हे त्याचे एक कारण असेल. आपल्या हनफी परंपरेचा आधार म्हणजे ‘हिदाया’. फरगण्याच्या मर्गिनान गावचे बुर्‍हानुद्दीन यांनी तो बाराव्या शतकात लिहिला. हेस्टिंग्जच्या काळात सुरू झालेले त्याचे इंग्रजी भाषांतर चार्ल्स हॅमिल्टनच्या नावाने १७९१ मध्ये छापले गेले आणि पुढे शंभर वर्षे इंग्रजी कोर्टांत वापरले गेले.

हिदायात पाण्याच्या पाटांविषयी एक छोटे प्रकरण आहे. सोसायटीच्या प्रत्येक सेक्रेटरीने ते वाचावे असे मला वाटते. प्रश्न असा: पाट गाळाने भरला, उपसायचा खर्च कोणी द्यायचा? फुरातसारखी मोठी नदी असेल तर सरकारी खजिन्यातून, कारण तिचा फायदा सगळ्यांना. खजिन्यात पैसा नसेल तर हाकिमाने लोकांना कामाला लावावे. पाट काही लोकांच्या सामाईक मालकीचा असेल तर खर्च त्यांचा, आणि त्यांच्यातला एखादा ‘मी देत नाही’ म्हणाला तर त्याच्यावर सक्ती करता येते, कारण त्याच्या नकाराने बाकीच्यांचे नुकसान होते. त्या पाटावर पाणी प्यायला किंवा जनावर पाजायला येणारे मात्र खर्चाला बांधील नाहीत. तहानलेल्याकडून वर्गणी घेता येत नाही.

यापुढचा मुद्दा सगळ्यांत मजेचा. गाळ मुखापासून उपसत आणला आणि पहिल्या माणसाच्या शेतापुढे गेला, तर त्या पहिल्याने पुढच्या कामाचा खर्च द्यायचा का? इमाम अबू हनीफा म्हणतात, नाही. त्याचे शेत ओलांडले की तो मोकळा. पुढचा पाट त्याच्या उपयोगाचा नाही. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद म्हणतात, नाही, सगळ्यांनी मुखापासून शेवटपर्यंत आपापल्या हिश्श्याने द्यायचे. त्यांचे कारण पटण्यासारखे आहे: वरच्या माणसालाही जादा झालेले पाणी खाली सोडून द्यायला पुढचा पाट मोकळाच लागतो.

हा वाद तुम्ही ऐकलेला आहे. तळमजल्याचा सभासद सोसायटीच्या सभेत उभा राहून म्हणतो, ‘मी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही, मी पैसे का देऊ?’ तो इमाम अबू हनीफांच्या बाजूचा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांसाठी जे आदर्श उपविधी आहेत ते या बाबतीत अबू यूसुफ आणि मुहम्मद यांच्याकडे झुकतात: ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सगळ्या सभासदांनी लिफ्टचा खर्च सारखा द्यायचा, वापरा किंवा न वापरा. पाण्याचा आकार मात्र नळांची संख्या आणि आकार बघून, म्हणजे ज्याचा घोट मोठा त्याचा हिस्सा मोठा. पावसाने वरच्या मजल्याचे छत गळले तर दुरुस्ती संस्थेच्या पैशातून, कारण गच्ची सगळ्यांची. उपविधी लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांनी हिदाया वाचली होती असे मला सुचवायचे नाही. एकाच प्रकारच्या अडचणीत सापडलेली माणसे एकाच प्रकारची उत्तरे काढतात, इतकेच.

याला पुरावा आपल्याच मातीतला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घरांच्या वळचणी, सांडपाण्याच्या वाटा आणि शेजाऱ्याच्या भिंतीपासून सोडायचे अंतर यांचे नियम आहेत. सामाईक बंधाऱ्याच्या कामाला जो स्वतः येणार नाही त्याने आपले गडी आणि बैल पाठवावेत, खर्चातला वाटाही उचलावा, आणि फायद्यात मात्र त्याला हिस्सा नाही, असाही नियम आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत हद्दीचा तंटा सोडवायला पहिला मान ‘सामंतां’चा. सामंत म्हणजे इथे मांडलिक राजे नव्हेत, चहूबाजूंचे शेजारी.

मजले असलेल्या घरांबद्दल हनफींनी आणखी एक तोडगा काढला होता. खालचा मजला एकाचा, वरचा दुसऱ्याचा. खालचा आपोआप पडला तर मालकावर तो पुन्हा बांधायची सक्ती करता येत नाही. कदाचित त्याच्याकडे पैसाच नसेल. पण वरच्याने अधांतरी राहायचे का? तर वरच्याने स्वतः तो मजला बांधून घ्यावा, आणि खर्च फिटेपर्यंत खालच्याला त्यात पाऊल ठेवू देऊ नये. मुद्दाम पाडला असेल तर गोष्ट वेगळी, मग बांधून द्यावाच लागतो. वक्फमध्येही हेच डोके चाललेले दिसते. वक्फच्या उत्पन्नातून सगळ्यांत आधी दुरुस्ती, मग बाकीचे वाटे, वक्फनाम्यात तसे लिहिले नसले तरीही. आणि वक्फचे घर कोणाला राहायला दिले असेल तर डागडुजी राहणाऱ्याने करायची. तो करत नसेल किंवा त्याची ऐपत नसेल तर काझीने घर भाड्याने द्यावे, भाड्यातून दुरुस्ती करावी आणि मग घर त्याचे त्याला परत द्यावे. गरिबाचा हक्क बुडत नाही, घरही पडत नाही. दर्ग्या-मशिदींच्या गळक्या छतांखाली उरुसाच्या रोषणाईचा खर्च वाढवणाऱ्या मुतवल्लींनी हा क्रम पुन्हा वाचायला हरकत नाही.

इथपर्यंतचा इतिहास सांगायला बरा वाटतो. पण यात एक मोठी खोट आहे, आणि ती झाकून पुढे जाता येणार नाही. भिंत आणि धाबे घरमालकाने पाहिले, वर्गणी मोहल्ल्याने दिली. नालीत मात्र कोण उतरले?

वऱ्हाडात गावकामगार महारांना ‘कामदार महार’ म्हणत. चावडी झाडणे, मेलेली जनावरे ओढणे, गावची हद्द सांगणे, सरकारी टपाल पोचवणे अशी कामे त्यांच्यावर होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाड्या’त ही सगळी व्यवस्था नोंदलेली आहे. तीत मुलाणाही आहे. तो मशीद सांभाळायचा, बकरी कापायचा आणि त्याबद्दल धान्य घ्यायचा. म्हणजे मुसलमान या गाड्याच्या बाहेर नव्हता. कसब्यांत मैला वाहणारे मेहतर होते. अबुल फजल लिहितो की झाडूवाल्यांना ‘हलालखोर’ हे नाव अकबर बादशहाने रूढ केले. नाव मानाचे झाले, टोपली डोक्यावरच राहिली. ज्या फिक्हमध्ये गाळ उपसायच्या खर्चाचे इतके बारीक हिशेब आहेत, ती वाचणाऱ्या आमच्या अश्राफ घराण्यांनी गाळ उपसणाऱ्याला दस्तरखानावर बसवले असे म्हणता येत नाही. सामाईक जबाबदारी म्हणजे खर्च सगळ्यांचा आणि घाण एकाची, असा अर्थ आपण सगळ्यांनी मिळून केला होता.

डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या विरोधात विधेयक आणले ते याच कारणाने. गावाची सेवा या गोड नावाखाली एका जातीला पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवले होते. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध संसदेचा पहिला कायदा व्हायला १९९३ साल उजाडले, दुसरा २०१३ मध्ये झाला, आणि माणसे अजून गटारात मरतातच.

वऱ्हाडाला या बाबतीत एकच गोष्ट अभिमानाने सांगता येते. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावला जन्मलेले गाडगेबाबा. कीर्तनासाठी गावात आले की ते आधी खराटा घेऊन रस्ते झाडायला लागत, कीर्तन रात्री. लोक त्यांच्या भोळेपणाच्या गोष्टी सांगतात, पण मला त्यात हिशेबीपणा दिसतो. ज्या गावात झाडणे हे एका जातीचे काम होते तिथे ज्याला बाबा म्हणून पाया पडायचे तोच माणूस झाडू लागला, तर पाटलाला ओसरीवर बसून राहणे अवघड होई. नाली कोणाची, या प्रश्नाला त्यांनी शब्दाने उत्तर दिलेच नाही. पुढे २००० साली राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले. त्यात बक्षिसे होती, तपासणीच्या समित्या होत्या. तपासणीच्या आदल्या दिवशी गावे झाडली जात, आणि बहुतेक ठिकाणी कोणाकडून झाडून घेतली जात हे वाचकांना माहीत आहे.

आता शेजारी निवडण्याच्या हक्काकडे येतो. इथे आपल्या परंपरेत एक अडचणीचा नियम आहे आणि तो आपणच आधी सांगितलेला बरा. त्याचे नाव शुफा. एखाद्याने घर विकले तर सहहिस्सेदाराला, मग ज्याची वाट किंवा पाण्याचा पाट सामाईक आहे त्याला, आणि शेवटी भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याला, तीच किंमत देऊन ते घर स्वतः घेण्याचा हक्क हनफी कायदा देतो. हेतू उघड आहे: परका माणूस येऊन त्रास होऊ नये. कौटिल्यही जमीन विकत घेण्याचा क्रम नातलग, शेजारी, सावकार असा लावतो. इंग्रजांच्या काळात बिहार आणि गुजरातच्या काही भागांत हिंदूंमध्येही शुफा रिवाज म्हणून चालत होता. वऱ्हाडात १९२८ च्या बेरार लँड रेव्हेन्यू कोडने एकाच सर्व्हे नंबरातल्या सहभोगवटादारांना असाच अग्रहक्क दिला होता.

मग ‘आमच्यात देत नाहीत’ म्हणणारी सोसायटी आणि शुफा मागणारा शेजारी यांत फरक काय? फरक तीन आहेत आणि ते बारीक नाहीत. पहिला, शुफा मागणाऱ्याला पूर्ण किंमत मोजावी लागते. नुसते ‘तू नको’ म्हणता येत नाही. ‘तू नको, मी घेतो’ असे म्हणून पैसे आणावे लागतात. दुसरा, बातमी कळताच तिथल्या तिथे मागणी करायची, मग साक्षीदारांसमोर पुन्हा करायची. जरा रेंगाळला की हक्क गेला. कायद्याने हा हक्क दिला खरा, पण नाखुशीने, हातभर अटी घालून. तिसरा फरक सगळ्यांत महत्त्वाचा. हक्क भिंतीला लागून असल्याचा आहे, धर्माचा नाही. हिदायात स्वच्छ लिहिले आहे की शुफाच्या बाबतीत मुसलमान आणि जिम्मी सारखेच. मुसलमानाने मुसलमानाला विकलेले घर शेजारचा बिगरमुसलमान मागू शकतो, आणि त्याचा हक्क तेवढाच भक्कम.

१८८५ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाच्या पूर्णपीठापुढे गोविंद दयाल विरुद्ध इनायतुल्ला हा खटला आला. विकणारा मुसलमान, शुफा मागणारा मुसलमान, घेणारा हिंदू. न्यायमूर्ती सय्यद महमूद, म्हणजे सर सय्यद अहमद खान यांचे चिरंजीव, यांनी त्यात शुफाच्या मुळाशी जाऊन लिहिलेला निकाल आजही वाचला जातो. स्वतंत्र भारतात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाऊराम विरुद्ध बैजनाथ सिंह या खटल्यात नुसत्या शेजाराच्या नात्यावरचा अग्रहक्क घटनेशी विसंगत ठरवला. सहहिस्सेदाराचा कायम ठेवला. कोणी कुठे राहावे हे शेजाऱ्याच्या मर्जीवर सोडता येणार नाही, अशी ती दिशा होती. मला तो निकाल रास्त वाटतो. शुफा आमच्या फिक्हचा म्हणून त्याच्यासाठी गळा काढायचे कारण नाही.

पण सहकारी सोसायटीने मागच्या दाराने तेच परत आणले. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी गृहनिर्माण संस्था काढली. देशातल्या पहिल्या काही संस्थांपैकी ती एक. त्या काळी शहरात नव्याने आलेल्या माणसाला ओळखीच्या माणसांत राहायचे होते, एकमेकांवर विश्वास ठेवून कर्ज काढायचे होते. त्यात गैर काही नव्हते. दादरला पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी अशी वस्तीची नावेच पडली. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने मात्र खुले सभासदत्व हे तत्त्व म्हणून स्वीकारले: पुरेसे कारण असल्याशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही. आणि २००५ साली गुजरातमधल्या झोरास्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा उपविधी वैध आहे; संस्था करण्याचे स्वातंत्र्य त्यांना आहे, आणि मूलभूत हक्कांची बंधने अशा सोसायटीला लागत नाहीत. पारशी समाजाची काळजी मला समजते. पण संख्येने मूठभर असलेल्यांसाठी उघडलेल्या त्या दारातून पुढे कोण कोण आत शिरले, हे मुंबई-पुण्यात घर शोधणाऱ्या कोणत्याही मुसलमान, दलित किंवा एकट्या राहणाऱ्या बाईला विचारा.

आणि आपल्यापुरते खरे बोलायचे तर ‘फक्त मुस्लिमांसाठी’ अशी जाहिरात देणाऱ्या आपल्याही बिल्डरांना विचारा. भीतीमुळे एकत्र राहणे वेगळे, आणि दुसऱ्याला दार लावून घेणे वेगळे. पण दहा वर्षांनी बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. कुरआनात सूरह निसामध्ये जिथे शेजाऱ्याचा हक्क सांगितला आहे तिथे जवळचा शेजारी आणि परका शेजारी असे दोघेही वेगवेगळे नाव घेऊन आले आहेत. एकच पुरेसा असता तर दुसऱ्याचा उल्लेख झाला नसता.

मंगरूळपीरमध्ये हे अजून व्हायचे आहे की होऊन गेले आहे, सांगणे कठीण. वऱ्हाडातल्या सगळ्या तालुक्याच्या गावांसारखी इथेही जुनी धाब्याची घरे जाऊन स्लॅब आले आणि गावाभोवती ले-आऊट पडले. शेत अकृषक करायचे, प्लॉट पाडायचे, नकाशात रस्ता आणि खुली जागा दाखवायची, विकून मोकळे व्हायचे. कागदावर रस्ते आणि नाल्या पुढे नगर परिषदेकडे जातात. प्रत्यक्षात मधली काही वर्षे त्या कोणाच्याच नसतात. ले-आऊटमध्ये बहुधा नोंदणीकृत सोसायटी नसते, देखभाल निधी नसतो. जो माणूस मोठ्या शहरात सोसायटीच्या सेक्रेटरीला शिव्या देतो त्याला इथे सेक्रेटरी नसण्याचा अर्थ कळतो. बोअरची मोटर जळली की ज्याच्या घरी पाहुणे आहेत तो आधी पैसे काढतो. खुल्या जागेवर बाग होणार की प्रार्थनास्थळ, यावर मात्र सगळे सभेला हजर असतात.

आदर्श उपविधींत देखभालीची जी रचना आहे ती अशा वस्त्यांनीही उचलण्यासारखी आहे. दुरुस्ती निधी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का, सिंकिंग फंड किमान पाव टक्का. इमारत पंधरा वर्षांची झाली की पाच वर्षांतून एकदा, तिशी ओलांडली की तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट. ले-आऊटमध्ये इमारत सामाईक नसते, पण नाली, मोरीचा पूल, बोअर आणि दिवे असतातच. पंधरा-वीस प्लॉटधारकांनी एक वही घालून मिरगाआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा हिशेब केला तरी पुष्कळ भागेल. नाली उपसायचा क्रम उतारावरून वर लावावा. खालचे तोंड बंद ठेवून वरून उपसले की सगळा गाळ शेवटच्या घरापुढे जमतो, आणि शेवटचे घर बहुधा सगळ्यांत गरिबाचे असते. उपसायला माणूस लावला तर त्याला फावडे, गमबूट आणि पूर्ण मजुरी द्यावी, चहा वेगळ्या कपात देऊ नये.

सोसायटीत घर घेणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. सभासदत्वाचा अर्ज तोंडी करू नका. लेखी द्या आणि पोच घ्या. अर्ज नीट भरलेला असेल आणि संस्थेने तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असे कायदा मानतो. नाकारले तर कारण लेखी मागा आणि निबंधकाकडे अपील करा. ‘सोसायटीचा नियम आहे’ असे कोणी म्हटले की तो नियम मंजूर उपविधींत दाखवा म्हणावे. बहुतेक वेळा तो तिथे नसतो. पण घरमालकच नाव ऐकून फोन ठेवतो तेव्हा यातले काहीच कामाला येत नाही. खासगी माणसाने धर्म पाहून घर नाकारू नये, असे त्याला थेट सांगणारा कायदा आपल्याकडे अजून झालेला नाही.